सहीचा हात

२ ऑगस्ट

ही वही पास्टरसाहेबांनी दिली. म्हणाले, "तेरहेम्बा, राग आला की सुरी खाली ठेवायची आणि पेन उचलायचं." मी म्हटलं, "पास्टरसाहेब, मी डुकरं कापणारा खाटीक. सुरी खाली ठेवली तर खाऊ काय, दगड?" ते हसले नाहीत. गेल्या रविवारी चर्चच्या दारातच मी एका मोटरसायकलवाल्याचे दोन दात पाडले, त्याची ही शिक्षा. त्यानं माझ्या बहिणीच्या पांढऱ्या झग्यावर चिखल उडवला होता. शिक्षा त्याला नाही, मला!

आज दोन डुकरं कापली. पहिलं सरळ गेलं. दुसऱ्यानं छळलं, तीनदा सुरी घालावी लागली. आत्ता राग नाहीये, तरी लिहिलं. पी हळद नि हो गोरी असं नसतं म्हणे, रोज लिहायचं.

५ ऑगस्ट

इव्हेरेनला चारशेपैकी तीनशे सात!

देशभराची प्रवेश परीक्षा, आणि आमच्या अख्ख्या तालुक्यात ती पहिली. बाजारात मी सुरा फळीवर आपटून ओरडलो, "माझी बहीण डॉक्टर होणार रे!" एक अख्खी मांडी भाजून फुकट वाटली. बाप आधीच गेला होता, आई गेली तेव्हा इव्हेरेन नऊ वर्षांची होती. तिला मी वाढवली, या हातांनी.

घरी आल्यावर म्हटलं, "फीची काळजी करू नकोस, मी बसलोय ना."

म्हणाली, "नको दादा. राज्याची गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळेल मला. फी, पुस्तकं, वसतिगृह, सगळं त्यातच."

"वसतिगृह कशाला? विद्यापीठ राज्याच्या राजधानीतच, इथून दीड तासावर. रोज जा-ये कर, घरचं जेव."

ती भांडी घासायला बसली. भांडी स्वच्छच होती. मला तिडीक गेली, पण मी काही फोडलं नाही. पास्टरसाहेबांसाठी हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

१६ ऑगस्ट

विद्यापीठाच्या भिंतीवर यादी लागली. वैद्यकीयला इव्हेरेनचं नाव अकरावं. आम्ही दोघं जाऊन पाहून आलो. नावापुढं लाल शाईत लिहिलंय : मूळ गावाची तपासणी बाकी.

कारकून म्हणाला, गेल्या वर्षी परराज्यातल्या पोरांनी आमच्या राज्याचे दाखले विकत घेऊन जागा लाटल्या. म्हणून आता नुसता दाखला चालत नाही. ज्याच्या त्याच्या भावकीच्या प्रमुखानं स्वतः यायचं, समितीसमोर बसून सही करायची. ती सही सरकारी नोंदवहीतल्या सहीशी जुळली तर पोर आपलं. नाही जुळली तर जागाही गेली आणि शिष्यवृत्तीही, यादीतल्या पुढच्याला. शेवटची तारीख ३० सप्टेंबर.

पुढचा कोण, ते मी वाचलंच. आमच्याच तालुक्याच्या चेअरमनचा पुतण्या.

आमच्या भावकीचे प्रमुख झाकी अगेर. झाकी म्हणजे मानाचा म्हातारा. सत्तरी ओलांडलीय, पण हात अजून घट्ट. मोडलेली हाडं बसवतात, पाच गावांतून लोक येतात. दोन वर्षांपूर्वी इव्हेरेन पडली तेव्हा तिचं डावं मनगट त्यांनीच बसवलं होतं. बांधता बांधता माझ्याकडे बघून म्हणाले होते, "पडून असं मोडत नाही हाड." म्हातारा नको तितकं बोलतो.

२० ऑगस्ट

झाकींकडे डुकराची मागची तंगडी आणि दारूची बाटली घेऊन गेलो. रीत ती रीत. म्हटलं, "झाकी, पोरीसाठी राजधानीला चला, सही करा."

त्यांनी तंगडी घेतली, बाटली परत दिली. म्हणाले, "इव्हेरेनला पाठव. एकटीला. तू येऊ नकोस."

"का बरं? मी तिचा मोठा भाऊ आहे."

"म्हणूनच."

याचा अर्थ काय काढायचा माणसानं? तरी पाठवली. दोन तासांनी आली ती डोळे सुजवून. मी विचारलं, काय म्हणाले? गप्प. परत विचारलं. गप्प. मग ताट भिंतीवर गेलं. ताट गेलं, ती नाही. ती कोपऱ्यात बसून तुकडे गोळा करत होती आणि "काही नाही दादा, काही नाही दादा" एवढंच म्हणत होती. तुकडे मी उचलणार होतो. तिनं घाई केली.

२ सप्टेंबर

वांडू मावशीचा ज्वारीच्या बियरचा गुत्ता माझ्या मांसाच्या फळीला लागूनच. बाजारातली एकही बातमी तिच्या मडक्यावरून गेल्याशिवाय पुढं जात नाही. आज म्हणाली, "तुझा झाकी अगेर महिन्याभरात तीनदा राजधानीला गेला की रे."

"माझ्या बहिणीला न घेता?"

"काल तर चेअरमनच्या गाडीतून उतरला. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाबा, मी आपलं बघितलं ते सांगते, मला कुणाच्या भानगडीत पाडू नकोस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चेअरमनच्या गाडीत! आणि ते कशासाठी, हे सांगायला ज्योतिषी हवाय का?

७ सप्टेंबर

चेअरमनच्या पुतण्याचे तीन दोस्त फळीपाशी आले. एक जण नाक धरून म्हणाला, "डुकराच्या वासाची डॉक्टरीण! पेशंट आधी मरेल, मग नाडी बघेल."

पेन लांब होतं. हाताशी मांडीचं हाड होतं, तेच उचललं. पहिल्याचं नाक एका घावात सपाट झालं. दुसऱ्यानं माझ्या पाठीत बाटली फोडली. त्याला मी मानेला धरून रक्ताच्या बादलीत बुचकळला, बुडबुडे येईपर्यंत. तिसरा पळाला. लोक गोल करून बघत होते, एक माईचा लाल मध्ये आला नाही. बरंच झालं. या बाजारात माझ्या वाटेला कुणी जात नाही म्हणून तर इव्हेरेनकडे वाकड्या नजरेनं बघायची कुणाची टाप नाही.

तिनं माझ्या पाठीतल्या काचा काढल्या. हात इतका हलका की दुखलंच नाही. म्हटलं, "तुझ्यासाठीच केलं हे." म्हणाली, "माहितीये दादा. तू सगळं माझ्यासाठीच करतोस." किती शहाणी आहे!

१२ सप्टेंबर

बाजाराचा दिवस. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

अकराच्या सुमाराला झाकी अगेर राजधानीच्या गाडीतून उतरले. खांद्याला पिशवी. मी हाक मारली, ते थांबले नाहीत. मी आडवा गेलो, पिशवी ओढली. आत इव्हेरेनची फाईल होती. तिच्या फोटोची, तिच्या निकालाची. चेअरमनच्या गाडीत बसणाऱ्याकडे माझ्या बहिणीची फाईल!

उघडली. अर्जात 'पालक' लिहिलंय तिथं माझं नाव होतं. त्यावर काट मारलेली. खाली लिहिलेलं : अगेर.

माझ्या डोळ्यांपुढं लालच झालं. म्हातारा पोर स्वतःच्या नावावर करून घेतोय. विकणार असेल, नाहीतर चौथी बायको म्हणून घरात ठेवणार असेल. मी त्यांना गळ्याला धरून फळीपर्यंत ओढत आणलं. टोपी पडली. मी विचारलं, "हे काय आहे?"

"तिला विचार."

"मी तुम्हाला विचारतोय!"

"तेरहेम्बा, तिला विचार बाबा. मी शब्द दिलाय."

त्यांचा उजवा हात धरला आणि ज्या फळीवर मांस तोडतो तिच्यावर ठेवला. म्हातारा ओढत नव्हता, माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "हा हात तिला लागणार आहे रे." मला वाटलं, धमकी देतोय. मी सुरा उलटा केला आणि हाणला. दोनदा. बोथट बाजूनं हाणला, धारेनं नाही, हे लिहून ठेवतो. डुकराचं फऱ्याचं हाड मोडतं तसाच आवाज आला. म्हातारा ओरडला नाही, खाली बसला आणि त्याला वांती झाली. वांडू मावशी किंचाळत होती. बाकी बाजार बघत होता.

सुरा फळीत रोवून तसाच घरी आलो. रागानंच.

१३ सप्टेंबर

चोर सोडून संन्याशाला फाशी. मीच दिली.

सकाळी पास्टरसाहेब आणि इव्हेरेन आले. ती दारात उभी राहिली, आत आली नाही. पास्टरसाहेब म्हणाले, "झाकी तीनदा राजधानीला गेले ते समितीची तारीख मिळवायला. कुणी देईना. शेवटी चेअरमनच्या पाया पडून त्याच्या गाडीतून गेले, पुतण्याची जागा जाणार हे माहीत असून चेअरमननं नेलं. काल अठरा तारीख घेऊनच ते परत आले होते."

मी म्हटलं, "मग माझं नाव कुणी खोडलं?"

"मी," इव्हेरेन म्हणाली. "मीच खोडलं. मीच झाकींना पाया पडून सांगितलं की तुला कळू देऊ नका."

"का?"

"वसतिगृहाला पालकाची सही लागते. तू केली नसतीस."

"तू मागितलीस का कधी?"

ती उजव्या हातानं डावं मनगट चोळत राहिली. हवा ढगाळ असली की दुखतं तिचं ते.

मागितली असती तर केली नसती का मी? ओरडलो असतो. आदळआपट केली असती. पण शेवटी केली असती. केली असती, असं वाटतं.

१५ सप्टेंबर

इव्हेरेन घरी आलेली नाही. झाकींच्या घरी राहतेय, त्यांना भरवतेय. न बोलावता वांडू मावशी येऊन सांगून गेली, फळीपासून चार हात लांब उभी राहून. हाडं बसवणाऱ्याचाच हात मोडला, मग बसवणार कोण? इव्हेरेननं बसवला. म्हातारा दात आवळून सांगत गेला, इथं दाब, तिथं ओढ, आता वळव. आणि ती करत गेली. एकदाही थांबली नाही म्हणे. सगळं बांधून झाल्यावर मागच्या परसात जाऊन रडली.

मी आज एकही डुक्कर कापलं नाही. सुरा धुऊन ठेवला. फळीवरचा डाग काही जाईना, पण तिथं डाग कुठला कुणाचा, कोण सांगणार?

१९ सप्टेंबर

काल समिती झाली. पास्टरसाहेब बरोबर गेले होते, त्यांनी सांगितलं.

झाकींनी डाव्या हातानं सही केली. जुळली नाही. कशी जुळेल? म्हणाले, अंगठा घ्या. समितीवाला म्हणाला, "नोंदवहीत तुमचा अंगठा नाही, सही आहे. अंगठा काय, कुणीही लावेल." इव्हेरेन त्यांच्या शेजारीच उभी होती. समितीवाल्यानं विचारलं, "हात कशानं मोडला?"

झाकी म्हणाले, "मोटरसायकलवरून पडलो."

"मग पोलिसांचा कागद आणा, तीस तारखेच्या आत. हात कसा मोडला ते त्यात आलं पाहिजे. मग डावी सही चालेल."

म्हाताऱ्यानं माझं नाव घेतलं नाही. मी पास्टरसाहेबांना विचारलं, "का?" ते म्हणाले, "भावकीचा प्रमुख भावकीचा पोर पोलिसांच्या हाती देत नाही. मेला तरी देणार नाही."

मग पोलीस ठाण्यावर सार्जंट ओडेकडे गेले सगळे. तो म्हणाला, "मोटरसायकलचा अपघात मी लिहिणार नाही. अख्ख्या बाजारानं काय ते पाहिलंय. खरं लिहायचं तर एक साक्षीदार आणा." साक्षीदार मिळेना. वांडू मावशी म्हणाली, मी त्या दिवशी गुत्त्यावर नव्हतेच. भाजीवाला म्हणाला, माझी पाठ होती. दोनशे माणसांची पाठ होती.

माझ्या वाटेला कुणी जात नाही.

२४ सप्टेंबर

मी म्हटलं, हे आपणच निस्तरू. राजधानीला गेलो. तोच कारकून खिडकीत. हात जोडून सांगितलं, म्हातारा आमचाच आहे, पोरगी आमचीच आहे, घ्या ना सही. तो म्हणाला, "कागद." मी परत सांगितलं. "कागद." मी खिडकीतून हात घालून त्याची कॉलर धरली, कपाळ लोखंडी जाळीवर आपटलं. मोठी सवय आहे माझ्या हाताला.

तीन शिपायांनी मला पटांगणात आडवा केला आणि दंडुक्यांनी झोडपला. आधी पाठीवर, मग नडग्यांवर, मग बुटांनी तोंडावर. प्रवेशाला आलेली पोरं-पोरी गोल करून बघत होती. एक माईचा लाल मध्ये आला नाही. एकदा मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन "काही नाही साहेब, काही नाही साहेब" असं ओरडलो. हे शब्द मी कुठंतरी ऐकले होते, पण तेव्हा आठवेना.

जमिनीवर पडल्या पडल्या भिंतीवरची यादी दिसत होती. अकरावं नाव. लाल शाई.

एक बरगडी गेलीय. ती बसवायला आमच्याकडे माणूस राहिलेला नाही.

२७ सप्टेंबर

सकाळी अंघोळ केली, चर्चचा शर्ट घातला, पोलीस ठाण्यावर गेलो. सार्जंट ओडे माझा सुजलेला चेहरा बघून म्हणाला, "कुणी मारलं? तक्रार द्यायचीय?"

म्हटलं, "हो, द्यायचीय. माझीच."

त्याला थट्टा वाटली. मग नाही वाटली. म्हणाला, "हे बघ, झाकींनी तक्रार केलेली नाही, साक्षीदार नाही. तू घरी गेलास तर मी काही करू शकत नाही. लिहिलंस तर आत जाशील. वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही."

"इव्हेरेनला कागद मिळेल ना?"

"आजच्या आज."

मग मी लिहिलं. लिहायची सवय झालीच होती. म्हातारा उतरला तिथपासून उलट्या सुऱ्यापर्यंत सगळं लिहिलं. 'रागाच्या भरात' असं लिहिलं होतं, ते खोडलं. सार्जंटनं वाचलं आणि म्हणाला, "अक्षर चांगलं आहे की रे तुझं." दोन प्रती केल्या. एक माझ्या नावाच्या फाईलीत गेली, दुसरी इव्हेरेनच्या.

इथं कोठडीत आम्ही नऊ जण आहोत. आल्या आल्या एकानं झोपायच्या जागेवरून ढकललं. मी त्याला ती जागा दिली. पास्टरसाहेब, वाचत असाल तर हे नोंदवून घ्या.

४ ऑक्टोबर

आज इव्हेरेन आली.

निळा झगा, केस नीट विणलेले. मी म्हटलं, "बारीक झालीस." म्हणाली, "नाही दादा." मग पिशवीतून पत्र काढून दाखवलं. प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ती मिळाली, सहाही वर्षांची. वसतिगृहाची खोली मिळाली. सोमवारी जायचंय. मला हसू आवरेना. बरगडी दुखली तरी हसलो, कोठडीतल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं, "माझी बहीण डॉक्टर होणार रे!" त्यांनी भिंती बडवल्या.

"झाकी कसे आहेत?"

"बोटं हलवतात. दोन नाही हलत."

"येशील ना सुट्टीत?"

"अभ्यास फार असतो म्हणतात."

"दे, बघू तरी पत्र," म्हणून मी गजांतून हात बाहेर काढला. पत्र घ्यायला. जरा जोरातच काढला असेन, आनंदात होतो.

ती मागे सरली. एकदम, दोन पावलं. आणि डावं मनगट पोटाशी धरलं.

मी गजांच्या आत होतो. हातात काही नव्हतं. सार्जंटनं ते पाहिलं, मी पाहिलं, आणि आम्ही पाहिलं हे तिनं पाहिलं. म्हणाली, "चुकून झालं दादा." मग पत्र सार्जंटच्या हाती दिलं आणि त्यानं ते माझ्याकडे दिलं. मी वाचलं. पालक : अगेर. परत दिलं, सार्जंटच्याच हातून. ती गेली. फाटकापर्यंत चालत गेली, फाटकापलीकडं गेल्यावर पळाली. खिडकीतून दिसत होतं.

संध्याकाळी सार्जंटकडे आणखी एक कागद मागितला. तो वैतागला, "आता काय राहिलं? लिहिलंस की सगळं."

म्हटलं, "एक राहिलंय." त्यानं दिला. पहिली ओळ आधी इथं लिहून बघतो, मग त्या कागदावर लिहीन.

दोन वर्षांपूर्वी इव्हेरेन पडली नव्हती.